घरची हत्यारपेटी : काय घ्यावे आणि कसे पारखावे

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ असे आपण अनाडी माणसाला हसून म्हणतो. परंतु घरातल्या किरकोळ दुरुस्तीच्या बाबतीत पुष्कळदा अंगण खरोखरच वाकडे असते. खिळा ठोकताना हातोडीचा माथा निसटून पलीकडे जाऊन पडतो. पेचकसाचे टोक पहिल्याच फिरकीत मुरगळते. पक्कड तार कापण्याऐवजी नुसती चेपते. दोष असतो हत्याराचा. पण ‘हे काम आपल्याच्याने व्हायचे नाही’ अशी समजूत करून घेऊन माणूस पुन्हा त्या कामाला हात लावीत नाही. वाईट हत्याराने पैसा जातो, प्रसंगी डोळा किंवा बोट जायबंदी होते, आणि घरातल्या मुलामुलींचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडतो. म्हणून सभासद कुटुंबांना आमचे सांगणे एवढेच आहे की, हत्यारे थोडी घ्या, एकेक करून घ्या, पण पारखून घ्या.

पोलादाची पारख आपल्या भागाला नवी नाही. निर्मळच्या दक्षिणेस, गोदावरीपलीकडे, निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम् नावाचे गाव आहे. तेथे पूर्वी मातीच्या लहान बंद मुशीत उत्तम पोलाद तयार होत असे. भूगर्भशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसे यांनी ती कृती पाहून लिहून ठेवली. त्यांच्या निधनानंतर १८३२ साली ते टिपण प्रसिद्ध झाले. येथील पोलाद इराणपर्यंत जाई. ते नेण्यासाठी इराणी व्यापारी येथवर येत आणि काम चालू असताना जातीने देखरेख ठेवीत. त्या भट्ट्या केव्हाच विझल्या. परंतु माल डोळ्यांखालून घालून मगच घ्यायचा, ही रीत दुकानात उभे राहून आपणही पाळू शकतो.

आपल्या जिल्ह्यात तर ती पाळलीच पाहिजे, कारण आपल्या घरांची दारे, चौकटी, कपाटे बहुधा सागवानी असतात. सागाच्या लाकडात वाळूच्या जातीचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते धार लवकर खातात. निर्मळची खेळणी ज्या पोनिकी लाकडाची करतात ते इतके मऊ असते की, साधी धारही त्यावर चालते. सागापुढे मात्र कच्चे लोखंड टिकत नाही.

हत्याराचा कस दोन गोष्टींवर ठरतो. एक, पोलादात कर्ब पुरेसा आहे की नाही. आणि दुसरी, त्याला पाणी नीट दिले आहे की नाही. तापलेले पोलाद एकदम थंड केले की ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवितात, तेव्हा थोडा कठीणपणा जाऊन चिवटपणा येतो. चकचकीत मुलाम्यावरून यातले काहीच कळत नाही. ते पारखूनच पाहावे लागते.

घरी पुढील आठ वस्तू असल्या की बहुतेक अडचणी भागतात.

१. हातोडी. सुमारे अर्ध्या किलोची, खिळे उपटण्याचा पंजा असलेली घ्यावी. दांडा लाकडी असेल तर त्याच्या रेषा सरळ टोकापर्यंत गेलेल्या असाव्यात. मध्येच तिरप्या बाहेर पडत असतील तर दांडा तेथेच मोडणार. आपल्या रानातल्या धावड्याचा दांडा चांगला चिवट असतो. माथ्यातली पाचर घट्ट आहे ना, ते हलवून पाहावे. एका हातोडीवर दुसरी हातोडी कधीही मारू नये. कपचा उडून डोळ्यात जातो.

२. पक्कड. आठ इंची पुरते. जबडे मिटून उजेडासमोर धरावेत. कापण्याच्या धारेतून उजेड दिसता कामा नये. सांध्यात आडवा खेळ नसावा. मुठीवर रबर किंवा प्लॅस्टिक आहे एवढ्यावरून ती विजेच्या कामाची ठरत नाही. त्यासाठी १००० व्होल्टची खूण असलेलीच घ्यावी. आणि तशी असली तरी घरातला २३० व्होल्टचा प्रवाह मुख्य खटक्यावर बंद केल्यावाचून तारेला हात लावू नये.

३. पेचकस. एक चपट्या तोंडाचा, एक चौफुलीचा. टोक स्क्रूच्या खाचेत घट्ट बसले पाहिजे. सैल बसले तर खाच आणि टोक दोन्ही बिघडतात. पेचकस ही पटाशी नव्हे, पहारही नव्हे.

४. करवत. पाते हलके वाकवून सोडावे. ते आपोआप सरळ झाले पाहिजे. लोखंडी नळी किंवा पत्रा कापायचा असेल तर हॅक्सॉ वेगळी. तिच्या पात्याचे दात पुढच्या दिशेला येतील असे बसवावे. जाड लोखंडास इंचाला १८ दात, पातळ नळीस २४ आणि पत्र्यास ३२ असा हिशेब ठेवावा.

५. पटाशी. अर्ध्या इंचाची एक पुरे. तिची पाठ अगदी सपाट हवी. धारेवर कानस हलकेच फिरवावी. लोण्यासारखी लागली तर पाणी दिलेलेच नाही. काचेवरून सरकावी तशी घसरली तर धार तडकण्याचा संभव. जेमतेम लागली तर ठीक. दुकानदार हे करू देत नसेल तर ओळखीच्या सुताराला बरोबर न्यावे.

६. सरकता पाना. दहा इंची. जबड्याचा खेळ कमी असावा. वापरताना जोर स्थिर जबड्यावर येईल असा ओढावा.

७. मोजपट्टी. तीन मीटरची. तिच्या टोकाची कडी किंचित मागेपुढे सरकते, तो दोष नव्हे. बाहेरून आणि आतून मापताना कडीच्या जाडीचा फरक पडू नये म्हणून ती मुद्दाम तशी ठेवलेली असते.

८. गुण्या. सरळ फळीच्या कडेला लावून रेघ ओढावी, मग उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी ओढावी. दोन्ही रेघा एक झाल्या तर काटकोन खरा.

बाजारात तेलुगू दुकानदाराकडे हातोडीला सुत्ती, करवतीला रंपम् आणि पटाशीला उली म्हटले की काम सोपे होते. खरेदीच्या वेळी आयएसआयची खूण पाहावी. १९४७ साली निघालेल्या भारतीय मानक संस्थेची ती खूण १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरोकडे आली. पोलादी हातोडीचे मानक ८४१ आणि तार कापणाऱ्या पकडीचे ३६५० या क्रमांकाचे आहे. गावच्या लोहाराच्या, म्हणजे येथल्या बोलीत कम्मरीच्या, हत्यारावर अशी खूण नसते. पण मोटारीच्या पाट्याच्या पोलादापासून त्याने घडविलेला विळा किंवा कोयता पुष्कळदा बाजारी मालाहून सरस निघतो. शिवाय धार गेली तर परत पाणी देणारा माणूस हाताशी असतो, हा मोठा लाभ आहे.

सगळी हत्यारे एकदम घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते, आणि गरजही नसते. प्रथम हातोडी, पक्कड आणि पेचकस. बाकीची जसजसे काम निघेल तसतशी. एका खोक्यात वीस-पंचवीस नगांचा स्वस्त संच मिळतो, त्याचा मोह टाळावा. त्यांतले चारच उपयोगी पडतात आणि तेही फार टिकत नाहीत.

घेतलेले जपणेही तितकेच महत्त्वाचे. आपल्याकडचा पावसाळा जोराचा असतो. मृगापूर्वी प्रत्येक पोलादी भाग पुसून त्यावर यंत्राच्या तेलाचा हात फिरवावा. जवसाचे तेल लोखंडी सांध्यांना लावू नये, कारण ते वाळून चिकट होते. लाकडी दांड्यांना मात्र तेच उत्तम.

खंडेनवमीला आपण हत्यारे पुसून मांडतो, हळदकुंकू वाहतो. त्याच दिवशी प्रत्येक घराने आणखी एक करावे. पूजेपूर्वी हातोडीची पाचर, पकडीचा सांधा आणि पटाशीची धार मुलामुलींच्या हातांनी तपासून घ्यावी, आणि जे बिघडले असेल ते लोहाराकडे किंवा सुताराकडे पाठवावे. वर्षातून एवढे केले तर पेटीतली हत्यारे पुढच्या पिढीच्या हाती कामाची म्हणून जातील, भंगार म्हणून नव्हे.