धूर पाहा, मग बोटीत बसा



पारधी वस्तीवर जाताना मी कुगावहून कळाशीला उजनीच्या पाण्यातून बोटीने जातो. याच मार्गावर २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात बोट उलटून ६ जण बुडाले. वारा आपल्या हाती नाही. पण भर पाण्यात इंजिन बंद पडू नये, एवढे तरी हाती आहे. डिझेल इंजिनाचे दुखणे आधी धुरात दिसते.

काळा धूर : डिझेल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर साफ करावा, ओझे उतरवावे.

निळा धूर : ऑइल जळते आहे. बहुधा रिंगा झिजलेल्या असतात.

पांढरा धूर : थंड इंजिन सुरू होताना थोडा चालतो. गरम झाल्यावरही राहिला, तर डिझेल नीट जळत नाही किंवा आत पाणी शिरते आहे. पट्टीवरचे ऑइल दुधाळ दिसले, तर इंजिन सुरूच करू नये.

रोज निघण्यापूर्वी ऑइलची पातळी आणि धुराचा रंग वहीत लिहावा. कालच्या नोंदीशी ताडल्यावर बिघाड लवकर कळतो.

नावाड्यांसाठी प्रार्थना करा. बोटीसाठी दान देताना रंगाआधी फिल्टर-ऑइलचा विचार करा.