धनिक मालक, संघ आणि प्रेक्षक : भागीदारीचा एक अभ्यास

आमचे केम कुंकवासाठी ओळखले जाते, फुटबॉलशी त्याचा काही संबंध नाही. तरीही या वेळी आम्ही फुटबॉलचा विषय घेतला आहे, कारण भागीदारी, नाव आणि गिऱ्हाईक या तिन्ही गोष्टी त्यात उघड्यावर दिसतात.

मुंबई सिटी हा संघ 2014 साली सुरू झाला. अभिनेते रणबीर कपूर व बिमल पारेख हे त्याचे मूळ मालक. 2019 च्या नोव्हेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपने त्यातील 65 टक्के हिस्सा घेतला, 35 टक्के जुन्या मालकांकडे राहिला. हा ग्रुप म्हणजे इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीचे घराणे आणि त्याचे मुख्य मालक अबुधाबीचे शेख मन्सूर. ही शेखसाहेबांची खाजगी गुंतवणूक आहे, असे त्यांच्या बाजूने सांगितले जाते. पण ते राजघराण्यातले आहेत आणि सरकारातही मोठ्या पदावर आहेत. तेव्हा खाजगी गल्ला कोठे संपतो व सरकारी तिजोरी कोठे सुरू होते, हे बाहेरच्याने कसे ओळखावे?

पैसा आला तसा मालही आला. पूर्वी गोव्याच्या संघाकडे असलेले प्रशिक्षक लोबेरा व चार खेळाडू मुंबईकडे आले. 2020-21 मध्ये संघाने साखळी व अंतिम सामना दोन्ही जिंकले. 2022 साली आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या संघाला 2-1 ने हरवले. त्या स्पर्धेत भारतीय संघाचा तो पहिलाच विजय. 2023 च्या नोव्हेंबरात सौदीचा अल-हिलाल नवी मुंबईत खेळून 2-0 ने जिंकून गेला. नेमार जखमी असल्याने आला नाही, तिकिटे काढणाऱ्यांचा तेवढा हिरमोड झाला. त्या रात्री मैदानावर एकीकडे अबुधाबीचा पैसा होता आणि दुसरीकडे सौदीचा. मुंबईचे नेहमीचे अंधेरीचे मैदान मात्र जेमतेम काही हजार बैठकांचे.

आणि 2025 च्या डिसेंबरात ग्रुपने आपला हिस्सा सोडला. भारतीय लीगच्या भवितव्याची अनिश्चितता, हे कारण दिले गेले. संघ पुन्हा मूळ मालकांकडे आला. सहा वर्षांत करंडक मिळाले, पण जाताना प्रेक्षकाला कोणी विचारले नाही. तसा येतानाही विचारला नव्हता.

प्रेक्षक हे गिऱ्हाईक मोठे विचित्र. आमच्या दुकानात रंग उडालेले कापड दिले तर माणूस पुढच्या वेळी शेजारच्या दुकानात जातो. फुटबॉलचा प्रेक्षक संघ हरला तरी पुढच्या आठवड्यात तिकीट काढतो. मालकाला ही गोष्ट पक्की माहीत असते.

इंग्लंडात न्यूकॅसल संघ 2021 च्या ऑक्टोबरात सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीने बहुतांश विकत घेतला, तेव्हा लोक अरबी पेहराव करून, डोक्याला टॉवेल गुंडाळून नाचले. (सोलापूरच्या टॉवेलवाल्यांनी हे वाचून हसू नये!) क्लबला अखेर विनंती करावी लागली की असे कपडे करून येऊ नका. सर्वच खूश नव्हते. खशोगी यांच्या 2018 मधील हत्येची आठवण देऊन त्यांच्या वाग्दत्त वधूने या सौद्याला जाहीर विरोध केला होता. आपल्यातील काही जण अशा खरेदीचा अभिमान बाळगतात. आमचे मत असे की मालकाचे नाव आपल्या ओळखीचे आहे म्हणून हिशेब तपासणे सोडू नये.

जर्मनीत रीत वेगळी. तेथे 1998 पासून साधारणपणे निम्म्याहून अधिक मते क्लबच्या सभासदांकडेच राहतात. 2023 च्या डिसेंबरात लीगमध्ये बाहेरचा गुंतवणूकदार आणण्याचा बेत झाला, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून सामने अडवले. 2024 च्या फेब्रुवारीत बेत सोडून द्यावा लागला. कोलकात्यातही मोहन बागानच्या नावाआधी 2020 मध्ये ‘एटीके’ लागले. तेथे सरकारी पैशाचा प्रश्न नव्हता, मालक खाजगी उद्योगपती होते. पण प्रेक्षकांनी तीन वर्षे धरून लावले आणि 2023 मध्ये ते काढावे लागले. नावाची किंमत तेथील गिऱ्हाइकाने वसूल केली.

आपल्या बाजारात बडा भागीदार आला की यंत्रमाग वाढतात, उधारी मिळते, हे खरे आहे. मुंबईच्या जुन्या मालकांनी 35 टक्के हातचे ठेवले, म्हणून संघ परत कोणाकडे द्यायचा हा प्रश्न पडला नाही. क्लब ही कंपनी असते, आपली पेढी बहुधा भागीदारीची. तिला 1932 चा कायदा लागतो. मुदत न ठरवलेली भागीदारी कोणताही भागीदार लेखी नोटीस देऊन मोडू शकतो (कलम 43). पेढीचे नावलौकिक ही पेढीची मालमत्ता समजली जाते (कलम 14), आणि मोडताना वेगळा करार नसेल तर तीही हिशेबात धरली जाते (कलम 55). म्हणून वकिलाकडे जाताना तीन गोष्टी लिहून न्याव्यात : निघणाऱ्याने किती महिने आधी सांगावे, गोदामातला माल कोणी उचलावा, आणि दुकानाची पाटी कोणाकडे राहावी.