अबोरिजिनल भाषांसाठी पैसे द्यायचे, तर कुठे आणि किती?

1788 मध्ये इंग्रजांची वसाहत सुरू झाली, तेव्हा ऑस्ट्रेलियात अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. 2020 च्या राष्ट्रीय अहवालानुसार त्यांपैकी 123 भाषा वापरात आहेत किंवा पुन्हा उभ्या केल्या जात आहेत. घरात मुले सहज शिकतात अशा मात्र 12 च उरल्या आहेत. या भाषा आपोआप विरल्या नाहीत. मिशनच्या वसतिगृहांत स्वतःची भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा झाल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुले आईबापांपासून तोडून नेली गेली.

मेलबर्न, सिडनी, पर्थ इथली मराठी कुटुंबे आज या भाषा बोलणाऱ्या अबोरिजिनल, म्हणजे मूळ, लोकांच्याच भूमीवर राहतात. सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा चालवणाऱ्यांना भाषा टिकवायला किती खपावे लागते हे सांगायला नको. पण मराठीच्या पाठीशी अख्खा महाराष्ट्र आहे. अ‍ॅडलेडच्या कौर्ना भाषेला दुसरा मुलूख नाही. म्हणून मंडळ असो की एकटे कुटुंब, ज्यांना या कामाला पैसे द्यावेसे वाटतात त्यांच्यासाठी हा हिशेब. यातले सगळे डॉलर ऑस्ट्रेलियन आहेत, आणि दर जागेप्रमाणे बदलतात.

कार्यक्रमात स्वागतविधी ठेवायचा असेल तर

‘वेलकम टू कंट्री’ हा स्वागतविधी फक्त त्या भूमीचे पारंपरिक वारसदारच करू शकतात. ‘अ‍ॅक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री’, म्हणजे त्या भूमीच्या मूळ लोकांचा आदरपूर्वक उल्लेख, कोणीही करू शकतो आणि त्याला खर्च नाही. स्वागतविधीचे मानधन साधारण काही शे डॉलरपासून हजार-दीड हजारांपर्यंत जाते. धुराचा विधी किंवा नृत्य जोडले तर त्याहून जास्त. येणाऱ्या ज्येष्ठांचा प्रवासखर्च वेगळा धरावा, आणि त्यांना मुख्य पाहुण्यांसारखे पुढे बसवावे, हे तर आपल्याकडे कोणी शिकवायची गरज नाही.

फोन मात्र योग्य संस्थेला जायला हवा. मेलबर्नच्या मध्यभागासाठी वुरुंजेरी वोई-वुरुंग संस्था, दक्षिणेच्या किनारपट्टीसाठी बुनुराँग लँड कौन्सिल. सिडनी शहरासाठी मेट्रोपॉलिटन लोकल अबोरिजिनल लँड कौन्सिल, तर पॅरामॅटा-ब्लॅकटाउनकडे, जिथे आपली वस्ती दाट आहे, तिथे डीरुबिन. हद्दीची शंका असेल तर स्थानिक नगरपालिकेला विचारावे. दोन महिने आधी नोंदणी करावी. मे अखेरचा रिकन्सिलिएशन वीक आणि जुलैतला नेडॉक वीक या दिवसांत त्यांना उसंत नसते.

‘समाजाचाच कार्यक्रम आहे, जरा कमी करा’ असे म्हणू नये. हे मानधन ज्ञानाचे आहे, आणि कित्येक ठिकाणी त्याच्याच आधारावर संस्थेचे कार्यालय चालते.

चित्र किंवा भेटवस्तू घेताना

सर्वांत जास्त पैसा चुकीच्या हातात जातो तो इथे. भारतात सुट्टीला जाताना आपण बूमरँग, ठिपक्यांची चित्रे असलेले मग, चुंबके पिशवी भरून घेतो. 2022 मध्ये प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने अहवाल दिला, त्यात अशा स्मरणवस्तूंवर होणारा अर्ध्याहून अधिक खर्च अस्सल नसलेल्या मालावर होतो असा अंदाज आहे. बिरुबी आर्ट या कंपनीने इंडोनेशियात बनवलेल्या 18,000 हून अधिक वस्तू अबोरिजिनल कारागिरांनी रंगवल्याच्या थाटात विकल्या. 2019 मध्ये फेडरल कोर्टाने तिला 23 लाख डॉलर दंड ठोठावला. कंपनी तोवर दिवाळखोरीत निघाली होती. ज्यांची नक्षी चोरली गेली त्यांचे नुकसान भरून निघाले नाही.

दुकानात तीन प्रश्न विचारावेत. कलाकाराचे नाव काय, तो किंवा ती कुठल्या समाजाची, आणि या विक्रीतून त्यांना पैसे कसे मिळतात. अस्सल माल विकणारा उत्साहाने सांगतो. ‘आदिवासी शैली’ एवढेच लिहिलेले असेल तर वस्तू खाली ठेवून पुढे जावे. दुकान ‘इंडिजिनस आर्ट कोड’ या आचारसंहितेचे सदस्य आहे का तेही पाहावे.

त्याहून चांगला रस्ता म्हणजे समाजाच्या मालकीच्या कलाकेंद्रातून थेट घेणे. वाळवंटातली बरीच केंद्रे टपालाने चित्रे पाठवतात, आणि लहान कॅनव्हास शे-दोनशे डॉलरच्या आसपास मिळू शकतो. दर ऑगस्टमध्ये डार्विनला भरणाऱ्या अबोरिजिनल आर्ट फेअरमध्ये विक्रीचे सगळे पैसे कलाकेंद्रांना जातात, आणि तिथली खरेदी ऑनलाइनही करता येते. मोठे चित्र घेऊन पुढे कलादालनामार्फत विकणार असाल तर लक्षात ठेवा: 1,000 डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीच्या पुनर्विक्रीवर कलाकाराला किंवा वारसाला 5 टक्के स्वामित्वशुल्क देण्याचा कायदा 2010 पासून लागू आहे. ठिपके, रेषा, पाणवठ्याच्या खुणा यांत त्या कुळाची गोष्ट आणि ती सांगण्याचा हक्क असतो, म्हणून हा पैसा भाषेच्या कामापासून वेगळा धरता येत नाही.

नाव आणि भाषांतर

घराला, कॅफेला, मुलीला एखादे सुंदर अबोरिजिनल नाव द्यावे असे अनेकांना वाटते. संकेतस्थळावरून शब्द उचलून पाटी रंगवू नका. अ‍ॅडलेडमध्ये कौर्ना वारा पिंट्यांटी हा गट नाव आणि भाषांतराच्या विनंत्या विचारात घेतो आणि त्याचे शुल्क आकारतो. ही भाषा अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इवारिट्जी 1929 मध्ये गेल्या. दोन जर्मन मिशनऱ्यांनी 1840 मध्ये छापलेल्या व्याकरणातून आणि शब्दसंग्रहातून लोकांनी ती पुन्हा उभी केली. एवढ्या कष्टाने परत आणलेला शब्द वापरताना परवानगी मागणे आणि पैसे देणे हे साधे सौजन्य आहे. उत्तर यायला वेळ लागतो, आणि कधी ते ‘नाही’ असते. ते मानावे.

शिकायचे असेल तर

सुरुवात फुकट होते. मेलबर्न विद्यापीठाच्या ‘50 वर्ड्‌स’ या नकाशावर अनेक भाषांतले 50-50 शब्द त्या-त्या लोकांच्या आवाजात ऐकता येतात. पर्थमधल्यांसाठी कर्टिन विद्यापीठाने नूंगार भाषेचा ऑनलाइन अभ्यासक्रम केला आहे. तो मोफत शिकता येईल असा आहे, पैसे प्रमाणपत्राचे पडतात. चार्ल्स स्टर्ट विद्यापीठात विराजुरी भाषेचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. काही भाषांचे वर्ग मात्र आधी त्या समाजाच्या लोकांसाठी राखलेले असतात, तिथे आग्रह धरू नये. मराठी शाळेत मुलांसाठी एक सत्र ठेवायचे असेल तर शिक्षकाला तासाचे पैसे द्या. ‘मुलांना अनुभव मिळेल’ म्हणून कोणाला फुकट बोलावू नका.

देणगी आणि सरकारी अनुदान

2 डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीवर करसवलत मिळते, पण संस्थेला ‘डीजीआर’ दर्जा असेल तरच. तो सरकारच्या ‘एबीएन लुकअप’ या संकेतस्थळावर मिनिटभरात तपासता येतो. बदल्यात चित्र, जेवण किंवा सोडतीचे तिकीट घेतले तर ती करासाठी देणगी धरली जात नाही.

पैसे कुठे द्यावेत? इंडिजिनस लिटरसी फाउंडेशन दुर्गम वस्त्यांत तिथल्या भाषांतली पुस्तके काढते. तिला 2024 चा अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन स्मृती पुरस्कार मिळाला. लिव्हिंग लँग्वेजेस समाजातल्याच माणसांना भाषेच्या कामाचे प्रशिक्षण देते. नॅम्बुक्का हेड्‌सचे मुर्बे केंद्र 1986 पासून गुंबाइंगिर भाषेसाठी झटते आहे. त्याच भाषेची द्विभाषिक शाळा कॉफ्स हार्बरला 2022 मध्ये सुरू झाली. माझे मत स्पष्ट आहे: आपण राहतो त्या भागाचे भाषाकेंद्र आधी, राष्ट्रीय संस्था नंतर.

सरकारी पैसाही आहे. केंद्राची ‘इंडिजिनस लँग्वेजेस अँड आर्ट्‌स’ योजना देशभरच्या भाषाकेंद्रांना पोसते. न्यू साउथ वेल्सने 2017 मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि त्याखाली अबोरिजिनल लँग्वेजेस ट्रस्ट स्थापला. हा पैसा त्या समाजांच्या संस्थांसाठी आहे, आपल्या मंडळाने तो स्वतःच्या नावे मागायला जाऊ नये. अडचण अशी, की अनुदान बहुधा प्रकल्पाला आणि मुदतीपुरते मिळते. शब्दकोश छापून होतो, मुदत संपते आणि शिकवून तयार केलेला माणूस दुसरी नोकरी धरतो. ध्वनिमुद्रणाला पैसे मिळतात, पण आजींना न्यायला-आणायला लागणारी गाडी, खोलीचे भाडे, हिशेबनीसाचा पगार यांना ते मिळणे अवघड जाते.

म्हणून एकदाच 500 डॉलर देऊन फोटो काढण्यापेक्षा दरमहा 20 डॉलर द्या, आणि ते कशावर खर्च करायचे हे त्या संस्थेला ठरवू द्या.