शाळेचे संकेतस्थळ : स्थिर पानांची पद्धत

उद्देश : शाळेच्या सूचना, सुट्ट्या व पालकसभांची माहिती गावास घरबसल्या मिळावी आणि हे काम एका शिक्षकाच्या बदलीबरोबर बंद पडू नये, अशी या पाठामागील दृष्टी आहे.

तत्त्व : संकेतस्थळे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात वाचकाने मागणी करताच दूरचा संगणक माहितीकोशातून मजकूर काढून पान रचतो. दुसऱ्या प्रकारात पाने आधीच रचून ठेवलेली असतात. मागेल त्यास तीच दिली जातात. स्टेन्सिल एकदा कापली म्हणजे प्रती काढणे तेवढे उरते, तसेच हे होय. येथे माहितीकोश लागत नाही. म्हणून खर्च थोडा, बिघाडास वाव कमी व पान मंद इंटरनेटवरही लवकर उघडते. अशी पाने रचणारा 'जेकिल' २००८ मध्ये व 'ह्यूगो' २०१३ मध्ये निघाला. दोन्ही विनामूल्य आहेत. येथे ह्यूगो घेतला आहे.

कृती : (१) संगणकावर ह्यूगो बसवून आज्ञापटलावर 'ह्यूगो न्यू साइट शाळा' ही आज्ञा रोमन लिपीत द्यावी. 'शाळा' हे फोल्डर तयार होते.

(२) त्यातील 'थीम्स' फोल्डरात एखादी तयार मांडणी ठेवावी. 'ह्यूगो.टॉमल' या फाइलीत शाळेचे नाव, संकेतस्थळाचा पत्ता व मांडणीचे नाव नोंदवावे.

(३) 'ह्यूगो न्यू कंटेंट' या आज्ञेने, पुढे फाइलीचे नाव देऊन, नवे पान उघडावे व त्यात मजकूर लिहावा. ओळीच्या आरंभी # हे चिन्ह दिल्यास ती ओळ शीर्षक होते. मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या टंकातील मराठी मजकूर वाचकास निरर्थक अक्षरे होऊन दिसतो.

(४) 'ह्यूगो सर्व्हर' ही आज्ञा देऊन पान आपल्याच संगणकावर तपासावे.

(५) शेवटी केवळ 'ह्यूगो' ही आज्ञा द्यावी. 'पब्लिक' फोल्डरात पूर्ण पाने तयार होतात. तीच 'गिटहब पेजेस'सारख्या ठिकाणी चढवावीत.

नेहमीची चूक : नव्या पानाच्या शिरोभागी 'ड्राफ्ट'पुढे 'ट्रू' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ 'कच्चा मसुदा'. तेथे 'फॉल्स' न केल्यास ते पान प्रसिद्ध होत नाही, आणि दोष कोठे आहे हे शोधण्यात वेळ व्यर्थ जातो.

दक्षता : विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, पत्ते वा गुणपत्रके संकेतस्थळावर कदापि ठेवू नयेत. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील बालकांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. एकदा पसरलेली माहिती परत घेता येत नाही. मूळ फोल्डराची प्रत शाळेतही असावी व परवलीचा शब्द मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात द्यावा.

स्वाध्याय : पालकसभेची एक सूचना तयार करावी. नंतर या कामाशी अपरिचित अशा सहकाऱ्यास तिच्यातील तारीख बदलून पान पुन्हा चढविण्यास सांगावे. त्यास ते साधले, तरच संकेतस्थळ शाळेचे झाले असे समजावे.