संगणक एक, श्रवणाची साधने दोन

ग्रामपंचायत कार्यालयातील वा शाळेतील संगणकावर दूरदृश्य बैठकीतील सूचना एकट्याने ऐकावयाच्या असतात, तर पाठाची ध्वनिफीत सर्वांना ऐकवावयाची असते. त्यासाठी हेडसेट आणि स्पीकर यांच्या पिना वारंवार काढघाल केल्यास सॉकेट सैल होते. शिवाय, चुकून स्पीकर चालू राहिल्यास एखाद्या नागरिकाचे खाजगी गाऱ्हाणे साऱ्या कार्यालयास ऐकू जाते. वास्तविक ही दोन्ही साधने कायमची जोडून ठेवता येतात.

स्पीकरची ३.५ मिलिमीटरची पिन संगणकाच्या मागील हिरव्या सॉकेटमध्ये बसवावी. हेडसेटला दोन पिना असल्यास त्या पुढील बाजूस जोडाव्यात; हिरवी पिन ऐकण्यासाठी व गुलाबी मायक्रोफोनसाठी असते. मात्र अनेक संगणकांत पुढे पिन घालताच मागील स्पीकर आपोआप मुका होतो. तेव्हा ध्वनीच्या सेटिंगमध्ये दोन्ही मार्ग स्वतंत्र करण्याची सोय आहे काय, ते पाहावे.

ही सोय नसल्यास यूएसबी हेडसेट घेणे श्रेयस्कर. संगणक त्याची स्वतंत्र साधन म्हणून नोंद घेतो. विंडोज १० व ११ मध्ये पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हातून हेडसेट किंवा स्पीकर निवडता येतो. पिनेला हात लावावा लागत नाही.

बैठकीत सर्वांना ऐकवावयाचे असल्यास मायक्रोफोन स्पीकरपासून दूर ठेवावा. अन्यथा स्पीकरचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरून पलीकडे प्रतिध्वनी उमटतो. बैठकीपूर्वी कोणते साधन निवडले आहे, हे पाहून घेतल्यास जे सर्वांसाठी आहे ते सर्वांपर्यंत पोहोचेल आणि जे एकासाठी आहे ते त्याच्यापुरतेच राहील.