जुनी चेनसॉ गती घेत नाही

प्रश्न : पडलेला आंबा कापायला सेकंडहँड चेनसॉ घेतली. सुरू होते, पण गती वाढवली की बंद पडते. काय करू? (एक वाचक, दीक्षितपुरा, जबलपूर)

उत्तर : कार्बुरेटरचे स्क्रू पिळू नका, बहुतेक जण तिथूनच बिघाड वाढवतात. मशीन थंड असताना प्लगची टोपी काढा, मग सायलेन्सर उतरवून आतला पिस्टन पाहा. त्यावर उभे ओरखडे असतील तर आधीच्या मालकाने बहुधा ऑइलशिवाय किंवा अपुऱ्या ऑइलवर ती पळवली आहे. अशी मशीन परतच करा.

पिस्टन गुळगुळीत असेल तर इंधन अडतंय. बंद पडताच टाकीचं झाकण उघडून लावा. पुन्हा थोडा वेळ नीट चालली तर टाकीचं हवेचं छिद्र तुंबलंय. नाहीतर टाकीतला फिल्टर, चिरलेली नळी आणि शेवटी कार्बुरेटरचा कडक झालेला डायफ्राम तपासा. महिनोन्‌महिने पडून राहिलेलं पेट्रोल ओतून द्या. नव्यात 50:1 प्रमाण असेल तर लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल, 25:1 असेल तर 40. मॅन्युअल सांगेल तेच खरं.

चेन ब्रेक लागत नसेल तर दुरुस्तीआधी आंब्याला हात लावू नका.