जळीत मृत्यू आणि मृत्युपूर्व जबाब

भाजलेला रुग्ण दाखल होताच आम्हांस उपचारांबरोबर पोलिसांनाही कळवावे लागते. नातेवाइकांनी याचा राग मानू नये. रुग्ण शुद्धीवर असल्यास शक्यतो दंडाधिकारी त्याचा जबाब नोंदवितात. त्या वेळी आप्तांना बाहेर थांबविले जाते, कारण सासरच्यांसमोर विवाहिता कधी कधी 'स्टोव्हचा भडका उडाला' एवढेच सांगते. रुग्ण सक्षम असल्याचा दाखला डॉक्टर देतात. मात्र तो नसला तरी नोंदविणाऱ्याची खात्री पटली असल्यास जबाब ग्राह्य धरता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात दिला. विवाहानंतर सात वर्षांच्या आत संशयास्पद मृत्यू झाल्यास शवविच्छेदन टळत नाही. श्वासनलिकेत काजळी आढळली, तर आगीच्या वेळी श्वास चालू होता असे कळते. आवळलेल्या मुठी मात्र झटापटीची खूण नव्हेत. उष्णतेने स्नायू आकसतात.